भिंतीवरचा पाखऱ्या

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे हातात खुरपं आलं, पेन आलं नाही. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे मला आठवत नाही, आणि माझं अक्षर ओळीवर थांबत नाही, खाली घसरत जातं. ही वही ज्याच्या हाती पडेल त्याने तेवढं समजून घ्यावं.

वही दवाखान्यातल्या कांबळे सिस्टरांनी दिली. त्या म्हणाल्या, "कौसाबाई, तुम्ही इथं जे बघितलं ते लिहून ठेवा. नवीन पेशंटच्या घरच्यांना धीर येतो." मी हो म्हणाले, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. पण मला जे लिहायचं होतं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. तीन वर्षं वही पत्र्याच्या पेटीत तशीच राहिली. परवा एक गोष्ट संपली, म्हणून आज बसले आहे.

मालकांचं नाव मी कधी घेतलं नाही. इथेही 'हे' असंच लिहीन. बाकीचे लोक त्यांना अंबादास म्हणत.

दाताचं दुखणं

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. आमचं गाव शिरूरच्या बाजूला आहे. विहिरीच्या तळाला नुसता गाळ राहिला, तेव्हा दूध संस्थेने चार कोसांवर माळाला छावणी उघडली. गावोगावची जनावरं तिथे नेऊन बांधली. हे आणि यांचे मित्र दगडूभाऊ दोघे बैलजोडी घेऊन तिथेच राहायला गेले. मी एक दिवसाआड भाकरी घेऊन जायची.

एकदा बघितलं तर हे भाकरी चहात भिजवून खात होते. विचारलं तर म्हणाले, "दात हाय. जाईल."

गालाच्या आत फोड होता. तो तीन महिने दातच राहिला. मग कानापर्यंत दुखायला लागलं आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा बीडला गेलो.

डॉक्टरांनी बघितलं, तुकडा काढला, आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी त्यांनी यांना बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. मला म्हणाले, "सोबत कोणी माणूस आहे का?"

मी म्हणाले, "मी हाय."

"पुरुष माणूस?"

मी मान खाली घातली. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. मीच प्रत्येक वाक्याला मान हलवत गेले. त्यातले दोन शब्द कळले, उशीर आणि शेक. बाकीचं पुन्हा विचारायची मला लाज वाटली.

बाहेर हे बाकड्यावर बसले होते. म्हणाले, "काय म्हनले?"

"दाताचंच हाय. शेक द्यावा लागंल म्हनले."

त्यांना तोंडावर सांगितलेलं माझं हे पहिलं खोटं.

बसस्टँडवर त्यांनी मला रस पाजला. स्वतः घेतला नाही, झोंबतो म्हणाले. मी रस प्यायले आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

हौशा

आता मी जे केलं ते लिहिते.

आमच्याकडे सावड होती. एका घराला जोडी परवडत नाही तेव्हा दोन घरं मिळून बैल राखतात. यांनी आणि दगडूभाऊंनी निम्मे निम्मे पैसे घालून आष्टीच्या बाजारातून जोडी आणली होती. दोन्ही बैल पांढरे, एका उंचीचे, शिंगंसुद्धा सारखी. हौशा आमच्या दावणीला राहायचा आणि पाखऱ्या त्यांच्या. पण जोडी दोघांची होती. एकाने दुसऱ्याच्या शब्दाशिवाय विकायचं नाही, आणि विकलंच तर निम्मे पैसे दुसऱ्याचे. हे कुठल्या कागदावर नव्हतं. अकरा वर्षं त्याची गरज पडली नाही.

शेक म्हणजे मशीनच्या किरणांचा, त्याला संभाजीनगरला राहावं लागणार होतं. जायचं, राहायचं, औषधं, तपासण्या, आणि घरात तर धान्याला पैसा नव्हता. लेक संगीता आष्टीला दिलेली, तिचंच अवघड होतं. तिचा निरोप आला की चार हजारांपेक्षा जास्त जमत नाहीत.

दुष्काळात व्यापारी छावणीवर स्वतः येतात. मी एका सकाळी त्यांच्यातल्या एकाला घेऊन गेले. दगडूभाऊ पेंड कालवत होते.

"वहिनी, ह्यो कोन?"

"हौशाला बघायला आलाय."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "अंबादास म्हनला का?"

मी म्हणाले, "त्यांनीच सांगितलंय."

यांना काहीच माहीत नव्हतं. हे घरी पडून होते.

दगडूभाऊंनी हाताची पेंड धोतराला पुसली. मग म्हणाले, "मला इचारायला पायजे व्हतं त्यानं. पर तो म्हनला आसंल तर सोडा."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि आतून बोटं धरतात, किती बोटं धरली त्यावरून आकडा कळतो. व्यापाऱ्याने रुमाल टाकून दगडूभाऊंपुढे हात केला. त्यांनी हात मागे घेतला. "माझा यवहार न्हाई ह्यो."

मला ती बोटांची भाषा येत होती. लग्नानंतरच्या वर्षी यांनी मला गंमत म्हणून शिकवली होती, वाकळेखाली हात धरून. पण सगळ्या छावणीसमोर परक्याचा हात कसा धरू. त्याने मला तोंडानेच सांगितलं, बेचाळीस हजार. सगळ्यांनी ऐकलं. हौशा चांगल्या दिवसांत त्याच्या दुपटीला गेला असता.

विकलेल्या जनावराचं दावं देत नाहीत. दगडूभाऊंनी हौशाच्या गळ्यातलं दावं सोडून उजव्या खुंट्याला परत बांधलं. त्यांच्या पाखऱ्याने मान वळवून हौशाला जाताना बघितलं. मी बघितलं नाही. कुठे नेतो तेही विचारलं नाही.

दगडूभाऊंनी आपला निम्मा हिस्सा मागितला नाही. मी दिला नाही. घरी येऊन यांना म्हणाले, संगीताच्या सासऱ्यांनी पैसे दिले.

खिडकी

शेक झाले. पंचवीस झाले. त्यांचा गाल आतून बाहेरून सोलला गेला, आणि दोन महिन्यांनी गाठ मानेला आली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दुखणं कमी करता येईल, आजार नाही. बीडच्या जवळ एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे अशा पेशंटसाठी वॉर्ड आहे, तिथे न्या.

त्या दवाखान्यात कांबळे सिस्टरांनी कागद बघितले. म्हणाल्या, "रेशनकार्ड पिवळं आहे ना? मग शेकाचे पैसे का भरले? तिथं खिडकीवर कार्ड दाखवलं असतं तर फुकट झालं असतं."

मला ती खिडकी आठवत होती. तिच्यापुढे रांग होती. वर काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी अक्षर अक्षर जोडत अर्धं वाचलं होतं. आतला माणूस घाईत होता. मी दोनदा जवळ गेले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा पैसे भरायच्या खिडकीवर गेले, कारण तिथे काही बोलावं लागत नव्हतं.

हौशा त्याच्यासाठी गेला. सिस्टर बोलत होत्या आणि मी फरशीकडे बघत होते.

ज्यांच्या घरात हे दुखणं आलं असेल त्यांना माझ्यासारखीने काय सांगावं. पण एवढं लिहिते, खिडकीवर विचारा. आतला माणूस ओरडला तरी विचारा.

मागचा वॉर्ड

त्या वॉर्डचं नाव इंग्रजीत होतं, ते कुणाला म्हणता येत नव्हतं. सगळे मागचा वॉर्ड म्हणायचे, कारण तो मागे लिंबाच्या झाडांकडे होता. आठ खाटा होत्या. सकाळी सहाला चहा, मग अंग पुसणं, मग जखमेवर पूड आणि पट्टी. दर चार तासांनी बाटलीतलं औषध. त्या औषधाने यांचं दुखणं इतकं कमी झालं की पहिल्या दिवशी ते सलग झोपले, आणि मी घाबरून दोनदा नाकाशी हात धरून बघितला.

एक गोष्ट लिहायला जड जाते. जखमेला वास यायचा. मी पट्टीच्या वेळी पदर नाकाला लावायची. एकदा त्यांनी बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी तोंडावर उपरणं गुंडाळलं आणि माझ्याकडेही नुसते डोळे ठेवले. जेवण तर नव्हतंच, नाकातून नळी होती. बोलणं पण जवळजवळ गेलं होतं. एखादा शब्द यायचा, तोही मलाच कळायचा.

जो शब्द रोज यायचा तो 'दगडू'.

"येतील," मी म्हणायची. "छावणीत मानसं कमी हायत. जनावराला सोडून कसं येनार?"

दुसरा शब्द, 'हौशा'.

"खातोय चांगला. अंग धरलंय."

दगडूभाऊ येणार नव्हते. ज्या मित्राने न विचारता जोडी मोडली त्याला बघायला ते का येतील. गावातून आलेल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दगडू म्हनतो, अकरा वर्साची सावड आन् बाईच्या हातून निरोप. माझं त्याच्याकडं काय काम न्हाई." मी मान हलवली. हे खाटेवर दाराकडे तोंड करून पडायचे.

संगीता एकदा येऊन गेली. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "आई, बाबाला सांगून टाक."

"मरनाऱ्याला काय सांगू?"

"मग दगडूकाकाला सांग."

मी तिच्यावर रागावले. ती दोन दिवसांसाठी आलेली, एकाच दिवसात गेली.

उजेडाची खोली

वॉर्डच्या शेवटी एक रिकामी खोली होती. पुण्याहून अनुजा नावाची एक मुलगी यायची, चित्र काढणारी. तिने खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावले, तीन भिंतींना पांढरं कापड ताणलं आणि कोपऱ्यात पिवळे, केशरी, निळे दिवे ठेवले. मशीनने ती भिंतींवर हलणारी चित्रं पाडायची. तिन्ही भिंतींवर एकच चित्र, त्यामुळे आपण त्याच्या आत बसलोय असं वाटायचं. दुपारी दोन-दोन, तीन-तीन खाटा ढकलत तिकडे न्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं की ही चैन इथे कशाला.

पहिल्या दिवशी तिने नदी लावली. भिंतीभर पाणी, जमिनीवर पण पाणी, खळखळ आवाज. मी दारातच चपला काढल्या आणि लुगडं घोट्याच्या वर घेतलं. मग सगळे हसले तेव्हा सोडलं.

शेजारच्या खाटेवर आष्टीकडच्या चंद्रभागाआजी होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग चुळबुळ करायला लागल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "घागर लाव की कुनीतरी."

अनुजा म्हणाली, "आजी, ते चित्र आहे. नुसतं बघायचं. शांत वाटतं."

"कशाचं शांत? एवढं पानी चाललंय आन् मी निजून बघू? माझ्या सुनंनं दोन कोसावरून आनलेलं पानी मी तोंड धुवून झाडाला घालते. बंद कर बाई, जीव तुटतोय."

आम्हा सगळ्यांचं तसंच होत होतं. यांचीही बोटं खाटेच्या कडेवर वाजत होती. अनुजाने पाणी बंद केलं. ती जमिनीवर बसली आणि वही काढून म्हणाली, "मला कळलं नाही. तुम्हीच सांगा, काय बघायचंय?"

आजी म्हणाल्या, "हुरड्याला आलेली जवारी. आन् मधून पाखरं हाकलायचा आवाज." कोपऱ्यातल्या एका मास्तरांनी बीडचा बसस्टँड मागितला. म्हणाले, तिथं सगळे कुठेतरी चाललेले असतात. अनुजाने तेही लिहून घेतलं.

पण त्या खोलीने यांचं एक काम लगेच केलं. तिथे ट्यूब नव्हती. पिवळा मंद उजेड एका बाजूने यायचा, कंदिलासारखा. त्या उजेडात कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, सगळे सारखेच दिसत होते. चौथ्या दिवशी यांनी आपल्या हाताने उपरणं सोडलं. गालाला वारा लागला म्हणून डोळे मिटून बसले. मी पदर नाकाला लावला नाही. मला तिथे वास आला नाही, की मी मनात आणला नाही, काय ते मला माहीत नाही.

अनुजाने त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय बघायचंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हौशा."

तिला कळलं नाही. तिने मला विचारलं. मी सांगितलं, "त्यांचा बैल. छावणीत हाय."

"मग आपण उद्याच जाऊ," ती म्हणाली. "खरा बैल, खऱ्या आकाराचा, भिंतभर."

मला त्या वेळी बोलता आलं असतं. खोलीत सिस्टर होत्या, संगीता नव्हती, हे बोलू शकत नव्हते. मी म्हणाले, "जाऊ."

पाखऱ्या उभा राहतो

जोडी एकसारखी होती म्हणून मला वाटलं, भागेल. औषधाने त्यांचे डोळे जड असायचे. पाखऱ्याचं नुसतं तोंड घेतलं तर कोण ओळखणार आहे.

अनुजा गाडीतून मला छावणीवर घेऊन गेली. दगडूभाऊ खुंट्याजवळ बसले होते. मला बघून उठले नाहीत.

मी म्हणाले, "त्यांना बैल बघायचाय. ही पोरगी फोटो घेनार हाय."

"इकायच्या येळंला इचारलं न्हाई, आता बघायला कावून मागतोय?" ते म्हणाले.

अनुजा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, त्यांची काहीतरी जुनी कुरबुर आहे.

पण दगडूभाऊ उठले. जनावराच्या वाटणीला येणाऱ्या पाण्यातली अर्धी बादली घेतली, फडकं भिजवलं आणि पाखऱ्याला पुसून काढायला लागले. पाठ, पोट, पाय, शिंगांची बुडं. पाणी मोजून मिळायचे ते दिवस होते. पुसता पुसता म्हणाले, "त्याला सांगा, दोन शेर पेंड खातोय म्हनावं."

मी अनुजाला म्हणाले, "नुसतं तोंड घ्या."

"नाही काकू, भिंत मोठी आहे. पूर्ण उभा पाहिजे."

"मग जरा मधी हुबा करा," मी दगडूभाऊंना म्हणाले.

"त्याला सवय न्हाई, वहिनी. तो डाव्याच अंगाला ऱ्हातो."

जोडीतला बैल आपली बाजू सोडत नाही. हौशा उजवा, पाखऱ्या डावा. पाखऱ्या आपल्या खुंट्याला सरकून उभा राहिला. उजवीकडे एका बैलाची जागा रिकामी, आणि खुंट्याला ते दावं. अनुजा खूश झाली. म्हणाली, "किती छान मोकळी जागा आहे."

भिंत

दुसऱ्या दिवशी दुपारी यांची एकट्याची खाट तिकडे नेली. केशरी दिवा लावला, दिवस कलतानाचा असतो तसा. मग भिंतीवर पाखऱ्या उभा राहिला, खऱ्यापेक्षाही थोडा मोठाच. शेपटी हलत होती, जबडा फिरत होता, रवंथाचा आवाज येत होता. बाजूच्या भिंतींवर छावणीची जनावरं आणि धूळ. यांच्या खाटेवर, चादरीवर, उघड्या गालावर तो उजेड पडला होता.

मी खाटेशी बसले होते. म्हणाले, "बगा, हौशा."

त्यांनी बघितलं. मला वाटलं होतं तसे त्यांचे डोळे जड नव्हते. आधी बैलाकडे बघितलं, मग बैलाच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि तिथेच बघत राहिले. दावं तिथे भिंतीवर माझ्या हाताएवढं जाड दिसत होतं. भिंतीच्या कडेला दगडूभाऊंचा हात यायचा, फडकं घेतलेला, आणि जायचा.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पाखऱ्या."

अनुजा मागे मशीनपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी चादरीखालून माझा हात ओढला. मला वाटलं कळ आली. पण त्यांनी हात आपल्या हातात नीट धरला आणि माझी बोटं एकएक करून मोकळी केली, आणि थांबले. लग्नानंतर शिकवलं होतं तसं. ते भाव विचारत होते.

मी त्यांची चार बोटं धरली, सोडली, मग दोन धरली. बेचाळीस.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झालं. पण त्यांनी माझा हात सोडला नाही. त्यांनी माझी दोन बोटं धरली, सोडली, मग एक धरलं. एकवीस. आणि ते एक बोट दाबून धरलं, इतकं की दुखलं. म्हणाले, "दगडूचं."

मी म्हणाले, "न्हाई दिलं. अन् तुमीच इकायला सांगितलं असं मीच म्हनाले त्यांना."

अख्ख्या दुखण्यात मी त्यांच्याशी खरं बोलले ते एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, जिथून दगडूभाऊ एकदाही आले नव्हते. मग पुन्हा भिंतीकडे.

मी उठले. अनुजाला म्हणाले, "मला छावणीवर सोडता का, आत्ताच."

दगडूभाऊ

छावणीवर मी उभ्या उभ्या सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं, मीच केलं, त्यांना आज कळलं.

दगडूभाऊ खुंट्याला टेकून ऐकत होते. म्हणाले, "वहिनी, इतके महिने मी त्याला शिव्या घातल्या. सगळ्या छावणीदेखत. त्या आता कुठं टाकू?"



त्यांनी शेजारच्या माणसाला पाखऱ्याकडे बघायला सांगितलं, पायताण घातलं आणि गाडीत येऊन बसले.

यांची खाट अजून त्याच खोलीत होती. सिस्टरांनी हलवली नव्हती. दगडूभाऊ दारात थांबले, तो गाल आणि ती नळी बघून. मग जाऊन खाटेवरच बसले, यांच्या पायाशी, आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बे अंबादास," ते म्हणाले, "तुझ्या भिंतीवर माझा बैल लई गुबगुबीत दिसतोय. हितं कोनती पेंड घालतेत?"

हे हसले. त्या तोंडाने हसता येत नव्हतं, पण पोट हललं. दगडूभाऊ त्यांचे पाय दाबत बसले. अनुजाने ते चित्र संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. मी बाहेर लिंबाखाली बसले, कारण आत माझी जागा नव्हती असं मला वाटलं.

दगडूभाऊ पाच दिवस राहिले. यांची पट्टी तेच धरायचे आणि नाक झाकायचे नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी हे गेले. दगडूभाऊ उशाशी होते, मी पायाशी.

एकवीस हजार

दिवस झाल्यावर मी दगडूभाऊंना म्हणाले, तुमचे एकवीस हजार मी देणार. ते म्हणाले, "त्याच्या दवाखान्याला गेले. ऱ्हाऊ द्या." मी त्यांना बोटांचं सांगितलं. कसं एक बोट दाबून धरलं ते. मग ते हो म्हणाले.

माझ्याकडे एक गाय उरली होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. संस्थेचं दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळतं. त्यातून कधी तीनशे, कधी चारशे, गाय आटली तेव्हा काहीच नाही. बिलाच्या दिवशी मी त्यांच्या अंगणात जाऊन पैसे ओट्यावर ठेवायची. ते मोजायचे नाहीत. चहा व्हायचा. यांची एखादी जुनी गोष्ट निघायची, बहुतेक बाजारातली, आणि दगडूभाऊ ती सांगताना यांचा आवाज काढायचे. तीन वर्षं असं चाललं. मला त्या अंगणात जायची लाज वाटायची आणि गेल्याशिवाय राहवायचंही नाही.

पाखऱ्या आता म्हातारा झाला आहे. गोठ्यात डाव्या अंगालाच बसतो.

परवा मी शेवटचे चारशे घेऊन गेले. ओट्यावर ठेवले आणि म्हणाले, "भाऊ, फिटले."

त्यांनी पहिल्यांदाच नोटा हातात घेऊन बघितल्या. चार होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्याकडे परत सरकवली.

"ही ऱ्हाऊ द्या, वहिनी."

"कावून?"

"ऱ्हाऊ द्या. शंभर बाकी असूं द्या. सगळे फिटल्यावर त्याच्याकडं माझं काय उरतंय?"

ते गोठ्याकडे बघून बोलत होते. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. आजपर्यंत कुणी असं म्हणालं असतं तर मी मान हलवून नोट उचलली असती.

मी म्हणाले, "न्हाई."

ते वळले.

"त्यांनी पुरे सांगितलेत," मी म्हणाले, आणि पदरातून हात बाहेर काढून, त्यांच्यासमोर, आधी दोन बोटं वर धरली आणि मग एक.

दगडूभाऊंनी माझ्या हाताकडे बघितलं. मग ती नोट उचलली, बाकीच्या तिन्हींवर ठेवली, घडी घातली आणि खिशात टाकली.